भूकंपानंतरची हजेरी

मोठा भूकंप झाला की चार-आठ दिवसांत एक बातमी हमखास येते. कारखान्याची पहिली पाळी सुरू झाली, बँकेची शाखा तंबूत का होईना पण उघडली, रुग्णालयातले कर्मचारी स्वतःचं दुःख बाजूला ठेवून कामाला लागले. बातमी खरी असते आणि वाचून बरंही वाटतं. कामावर किती जण परतले हे तिच्यात असतं. कशा अवस्थेत परतले, हे सहसा नसतं. पुढे वर्षा-दोन वर्षांनी त्यातल्या कोणाची झोप गेलेली असते, कोणी नोकरी सोडलेली असते, कोणी दारूला लागलेला असतो. तोवर बातमी जुनी झालेली असते आणि ज्याचं त्याचं नशीब म्हणून विषय मिटतो.

मला तो तसा मिटू द्यायचा नाही. भूकंपानंतर काम करणाऱ्या माणसाच्या मनाचं काय होतं, हे बऱ्याच अंशी त्याला कामावर कसं वागवलं जातं यावर ठरतं. किती तास राबवलं, सुट्टी दिली की नाही, कोणत्या इमारतीत बसवलं, पगार चालू राहिला का, आणि त्याने ‘मला हे झेपत नाही’ म्हटल्यावर साहेबाने काय केलं, या गोष्टी त्यात मोजायच्या. समुपदेशक त्याच्या नंतर येतो. आपल्याकडे, आणि जगभरच, क्रम उलटा लावला जातो. आधी हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लागतो आणि ड्युटीचा तक्ता होता तसाच राहतो.

याला आधार काय? जपानच्या मियागी प्रांताचं उदाहरण घेऊ. 11 मार्च 2011 चा भूकंप आणि त्सुनामी यांच्यानंतर सुमारे चौदा महिन्यांनी तिथल्या आपत्तीत काम केलेल्या तीन प्रकारच्या कर्मचाऱ्यांची पाहणी झाली: नगरपालिकांचे कर्मचारी, रुग्णालयांतले वैद्यकीय कर्मचारी आणि अग्निशमन दलाचे जवान. यांत सर्वांत जास्त कोण हादरलं असेल असं विचारलं, तर बहुतेक जण जवानांचं नाव घेतील. सगळ्यात वाईट दृश्यं पाहण्याची वेळ त्यांच्यावरच येते, असा आपला समज असतो. आकडे वेगळंच सांगतात. आघातोत्तर तणाव विकाराची, म्हणजे पीटीएसडीची शक्यता दाखवणारी लक्षणं जवानांमध्ये 1.6 टक्के लोकांत होती, तर नगरपालिका आणि रुग्णालय या दोन्ही ठिकाणी 6.6 टक्के. नैराश्याचं प्रमाण जवानांत 3.8 टक्के, रुग्णालयांत 14.3 टक्के आणि नगरपालिकांत 15.9 टक्के.

जवान मोकळेपणाने सांगत नसतील, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. गणवेशातला माणूस आपलं दुखणं सहजासहजी कागदावर उतरवत नाही. पण सगळा फरक तेवढ्यानेच पडला असेल असं मला वाटत नाही. जवानाची निवडच अशा कामासाठी होते. त्याला सराव असतो, पाळी ठरलेली असते, सोबत तुकडी असते आणि पाळी संपल्यावर त्याच अनुभवातून गेलेली माणसं अवतीभोवती असतात. नगरपालिकेतला कारकून जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि कराच्या पावत्या करायला नोकरीला लागलेला असतो. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट पुढे आली आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. नगरपालिका आणि रुग्णालय, दोन्हीकडे ज्यांना पुरेशी विश्रांती मिळाली नव्हती त्यांच्यात पीटीएसडीचा धोका वाढलेला होता. आणि जिथे कामाच्या ठिकाणी एकमेकांशी बोलणंच होत नव्हतं, तिथे नैराश्याचा. विश्रांती आणि संवाद. दोन्ही गोष्टी डॉक्टरच्या हातात नसतात, वरिष्ठाच्या असतात.

त्या कारकुनाचा दिवस कसा असेल याची जरा कल्पना करून पाहावी. किनाऱ्यावरच्या गावांत शाळांच्या आणि क्रीडासंकुलांच्या बंदिस्त मैदानांचं शवागार झालं होतं. तिथे टेबलामागे बसून मृतदेहांची यादी ठेवायची. समोर उभ्या असलेल्या बाईला वर्णन विचारायचं: उंची, कपडे, अंगावरची एखादी खूण. मग तिला रांगेतून नेऊन दाखवायचं. दहनभूमी अपुऱ्या पडल्यामुळे मियागीत बऱ्याच मृतांना तात्पुरतं पुरावं लागलं आणि पुढे बाहेर काढून दहन करावं लागलं. ज्या समाजात दहनाची रीत आहे तिथे एखाद्या कुटुंबाला हे सांगण्याचं कामही कोणीतरी टेबलामागून करतच होतं. दुपारी निवारा केंद्रात ब्लँकेटं मोजायची. ‘अजून पाणी का नाही?’ म्हणून ओरडणाऱ्यांसमोर मान खाली घालून उभं राहायचं. रात्री कार्यालयातच दोन खुर्च्या जोडून आडवं व्हायचं, कारण घर एकतर वाहून गेलेलं आहे किंवा तिथे पोहोचायला रस्ता नाही. आणि या सगळ्यात स्वतःचा भाऊ कुठल्या यादीत आहे, हे पाहायला फुरसत मिळेलच असं नाही.

शेजारच्या इवाते प्रांतातल्या ओत्सुची या गावात तर महापौर आणि सुमारे चाळीस कर्मचारीच मृत्युमुखी पडले. उरलेल्यांनी गाव चालवायचं होतं. मदतीला देशभरच्या नगरपालिकांनी आपली माणसं पाठवली. ही माणसं अनोळखी गावात, तात्पुरत्या घरात, एकटी राहून महिनोन्‌महिने काम करत होती. 2012 आणि 2013 मध्ये अशा पाहुण्या कर्मचाऱ्यांपैकी काहींनी आयुष्य संपवल्याच्या घटना घडल्या, तेव्हा जपानमध्ये मोठी खळबळ उडाली. त्यांचं घर पडलं नव्हतं, जवळचं कोणी गेलं नव्हतं. ते बाधितांच्या कोणत्याच यादीत बसत नव्हते, म्हणून त्यांची विचारपूस करणंही कोणाच्या कामात बसत नव्हतं.

मदत करणारा आणि मदत लागणारा अशी दोन माणसं असतात हे आपण गृहीत धरतो. भूकंपात ती बहुतेकदा एकच असतात. 12 जानेवारी 2010 ला हैतीत भूकंप झाला तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मोहिमेचं मुख्यालयच कोसळलं आणि संघटनेचे 102 जण दगावले. मदतकार्य कोणी उभं केलं? त्यांच्याच उरलेल्या सहकाऱ्यांनी. पूर किंवा वादळ येण्याआधी निदान काही तास-दिवसांची सूचना मिळते, बाहेरची पथकं आधीच आणून ठेवता येतात. भूकंप तेवढीही सवलत देत नाही. पहिले दोन-तीन दिवस तरी बाधितच बाधितांना वाचवत असतात.

यात लोकांचा राग ही एक वेगळीच जखम आहे. 17 जानेवारी 1995 च्या पहाटे कोबे शहर हादरलं, पाठोपाठ आगी लागल्या, आणि जलवाहिन्या फुटल्यामुळे अग्निशमन दलाच्या नळांना पाणीच येईना. जवान हातात कोरडी नळी घेऊन जळत्या घरासमोर उभे. आत माणूस आहे हे ठाऊक, बाहेर नातेवाईक शिव्या घालताहेत. साडेसहा हजारांच्या आसपास माणसं त्या भूकंपात गेली. त्यानंतरच जपानमध्ये आपत्ती आणि मन या विषयाकडे सरकारी पातळीवर नीट पाहायला सुरुवात झाली आणि 2004 मध्ये कोबेत आघातोत्तर ताणावर काम करणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. म्हणजे धडा जपानला मिळालेला होता. तरी 2011 मध्ये फुकुशिमात काय झालं पाहा.

फुकुशिमाच्या दाइइची आणि दाइनी या दोन अणुवीज केंद्रांतल्या सुमारे पंधराशे कामगारांची दोन-तीन महिन्यांनी पाहणी झाली. जिथे स्फोट झाले त्या दाइइची केंद्रात मानसिक त्रासाची लक्षणं 47 टक्क्यांच्या आसपास कामगारांत आढळली, दाइनीत 37 टक्के. हे कामगार स्वतः त्या परिसरातले. कित्येकांची घरं गेली, कुटुंबांना गाव सोडावं लागलं, सहकारी मेले. पण ते केंद्रं चालवणाऱ्या ‘त्या कंपनीचे’ होते, म्हणून निवारा केंद्रांत आणि बाहेर त्यांना लोकांचे टोमणे आणि तुच्छतेची वागणूक सोसावी लागली. या अपमानाचा मानसिक त्रासाशी जोरदार संबंध दिसला, आणि तो दोन्ही केंद्रांत दिसला. कंपनीच्या चुकांचा हिशेब व्हायलाच हवा होता आणि चौकशी समित्यांनी तो पुढे केलाही. तो हिशेब पाळीवर उभ्या असलेल्या तंत्रज्ञाकडून रस्त्यात वसूल करण्यात काय अर्थ होता? अशा वेळी संस्थेच्या प्रमुखाने कॅमेऱ्यासमोर उभं राहून राग स्वतःवर घ्यायचा असतो. तो काचेमागे बसला की शिव्या खिडकीवरच्या माणसाच्या वाट्याला येतात. खिडकीवरच्या कामाची पाळी लहान ठेवणं आणि दर काही दिवसांनी माणूस बदलणं, हा यावरचा अगदी साधा उपाय आहे. त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही.

आता इमारतीविषयी, कारण माझ्या मते या प्रश्नाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग तोच आहे.

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च भागात 4 सप्टेंबर 2010 च्या पहाटे 7.1 तीव्रतेचा भूकंप झाला. लोक घरात झोपलेले होते, थेट बळी कोणी गेला नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. इमारतींची पाहणी झाली, वापरायला योग्य असलेल्यांवर हिरवी चिठ्ठी लागली, कार्यालयं उघडली. 22 फेब्रुवारी 2011 ला दुपारी 12 वाजून 51 मिनिटांनी पुन्हा धक्का बसला. तीव्रता कमी, पण शहराच्या अगदी जवळ आणि कामाच्या वेळी. 185 माणसं गेली. त्यांतली 115 एकट्या सीटीव्ही (कँटरबरी टेलिव्हिजन या वाहिनीच्या) इमारतीत. या इमारतीला सप्टेंबरनंतर हिरवी चिठ्ठी मिळालेली होती. जपानच्या कुमामोतोत 14 एप्रिल 2016 च्या रात्री मोठा धक्का बसला. तोच मुख्य भूकंप म्हणून लोक आवराआवरीला लागले, काही जण घरात परतले, आणि 16 तारखेला पहाटे त्याहून मोठा आला. त्यानंतर हजारो लोक कित्येक दिवस मोटारींमध्ये झोपत राहिले.

हे माहीत असलेल्या माणसाला तुम्ही सातव्या मजल्यावर बसायला सांगता आणि तो टाळाटाळ करतो, तेव्हा त्याला घाबरट म्हणायचं का? मोठ्या भूकंपानंतर लहान-मोठे हादरे महिनोन्‌महिने चालू राहतात. जमीन स्थिर असतानाही ती हलल्याचा भास कित्येकांना होतो. अशा कार्यालयात थोडा वेळ बसून पाहिलं तरी समजतं. दाराजवळची खुर्ची आधी भरते. लिफ्ट रिकामी जाते आणि जिना भरलेला असतो. मालवाहू गाडी रस्त्यावरून गेली की टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्याकडे चार-पाच नजरा एकदम वळतात, मग सगळे ओशाळं हसतात. बूट कोणी काढत नाही. मीटिंगमध्ये दार लावायला गेलेल्या माणसाला दुसरा हळूच म्हणतो, राहू दे उघडंच.

या भीतीवर श्वासाचे व्यायाम सांगितले जातात. व्यायाम चांगलेच असतात. पण इथे भीती खोटी ठरवता येत नाही, कारण ती अनुभवातून आलेली आहे. तिच्यावरचा उपाय आधी अभियंत्याकडे आहे. इमारत कोणी तपासली, नुसती बाहेरून पाहिली की आराखडे काढून पाहिले, काय सापडलं, काय दुरुस्त केलं, हे साध्या भाषेत कामगारांसमोर मांडायला हवं. त्यांच्यापैकी दोघांना तपासणीच्या वेळी सोबत न्यावं. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळावं, नोटीस नव्हे. आणि समाधान होईपर्यंत तळमजल्यावर किंवा दुसरीकडे काम करण्याची मुभा असावी. धोक्याच्या जागी काम नाकारण्याचा हक्क बऱ्याच देशांच्या कायद्यांत या ना त्या रूपात आहे. भूकंपानंतर तो वापरणाऱ्याकडे मात्र कामचुकार म्हणून पाहिलं जातं. मन शांत होण्यासाठी आधी माहिती लागते. ती दडवून ठेवणारी संस्था समुपदेशकाला पगार देत असेल, तर ते पैसे पाण्यात जातात.

समुपदेशनावर माझा राग नाही. घाईघाईत केलेल्या देखाव्यावर आहे. आपत्तीनंतर कर्मचाऱ्यांना एका खोलीत बसवून ‘काय पाहिलंत, काय वाटलं, सगळं बोलून टाका’ असं एक सत्र घ्यायची पद्धत बरीच वर्षं लोकप्रिय होती. हेतू चांगलाच होता. अभ्यासांतून मात्र दिसलं की अशा एकाच सक्तीच्या सत्राने पुढचा पीटीएसडी टळत नाही, काहींना तर त्रास वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनाही आता ते सुचवत नाही. 2011 मध्ये तिने इतर संस्थांसोबत काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका त्यापेक्षा पुष्कळ जमिनीवरची आहे. आजूबाजूला पाहा, माणसाचं ऐका, आणि त्याला लागणाऱ्या गोष्टीशी त्याची गाठ घालून द्या, एवढाच तिचा गाभा. बोलायची सक्ती नाही. त्याला पत्नीचा फोन लागत नसेल तर आधी फोन लावून द्यायचा. हे पर्यवेक्षकालासुद्धा शिकवता येतं. खरं तर त्यालाच शिकवायला हवं, कारण बाहेरून आलेला तज्ज्ञ आठवड्याने निघून जातो आणि पर्यवेक्षक रोज समोर असतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही: बहुतेक माणसं आपोआप सावरतातच, मग सगळ्या कामगारांना मनोरुग्ण ठरवायचं कशाला? पहिलं विधान अगदी बरोबर आहे. पहिल्या काही आठवड्यांतलं दचकणं, झोप न लागणं, चिडचिड, मध्येच रडू येणं हा आजार नसतो. बहुतेकांत ते ओसरतं. मियागीतसुद्धा नगरपालिकांचे नव्वद टक्क्यांहून जास्त कर्मचारी पीटीएसडीच्या रेषेखालीच होते. माझ्या म्हणण्याला याने उलट बळच मिळतं. आपोआप सावरणाऱ्यांना सावरायला वेळ, झोप आणि पगाराची शाश्वती लागते. तेवढं दिलं की डॉक्टरकडे जाणाऱ्यांची रांग छोटी होते आणि खरी गरज असलेल्याला डॉक्टर वेळेवर मिळतो. मानवतावादी संस्थांच्या संयुक्त समितीने 2007 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हीच रचना आहे: पायाशी सगळ्यांसाठी सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, टोकाशी थोड्यांसाठी तज्ज्ञांचे उपचार. आपण पाया न घालता टोकच बांधायला जातो.

दुसरा आक्षेप कामगारांकडूनच येतो. घरी बसून काय करू, कामावर गेलो की डोकं शांत राहतं. हेही खरं आहे. काम म्हणजे ठरलेली वेळ, ओळखीची माणसं, आपला काही उपयोग आहे ही जाणीव. ज्याचं सगळं विस्कटलंय त्याला ती बांधून ठेवते. म्हणून सर्वांना सक्तीने घरी बसवा, असं कोणी म्हणू नये. येणाऱ्याला येऊ द्यावं, अर्धी पाळी हवी असेल तर अर्धी द्यावी, आणि ज्याला आठ दिवस छपराची दुरुस्ती करायची आहे, आईला शोधायचं आहे किंवा नुसतं झोपायचं आहे, त्याला त्या आठ दिवसांचा पगार कापू नये. एका ठिकाणी मात्र मी सक्तीच्या बाजूने आहे. मदतकार्यातल्या माणसाला सुट्टी विचारून चालत नाही, ती हुकमानेच द्यावी लागते. ‘लोक उघड्यावर आहेत आणि मी घरी जाऊ?’ असं म्हणणारा कर्मचारी चांगला असतो, आणि म्हणूनच तो मोडतो.

चीनच्या सिचुआन प्रांतात 12 मे 2008 च्या भूकंपात मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे 87,000 माणसं गेली. सर्वांत उद्ध्वस्त भागांपैकी एक बेईचुआन. तिथल्या एका स्थानिक अधिकाऱ्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आत्महत्या केली आणि दुसऱ्याने एप्रिल 2009 मध्ये. दोघांचीही मुलं शाळा कोसळून गेली होती. पोटचा मुलगा गेल्यावर ही माणसं महिनोन्‌महिने कामावर होती. आपण अशांना कर्तव्यनिष्ठ म्हणतो, सत्कार करतो. मला विचाराल तर तो सत्कार कधीकधी बेडीसारखा काम करतो. एकदा का माणसाला वीर ठरवलं, की ‘आता मला होत नाही’ म्हणायची त्याची वाट बंद होते. शहराच्या स्पिरिटचं कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं तर बरं.

हुकमाने सुट्टी द्यायची, तर काम कोण करणार? बाहेरची माणसं आणावी लागतील, आणि त्याची तजवीज आधीच करावी लागेल. सिचुआननंतर चीनने एकेका प्रांताला एकेक बाधित भाग नेमून दिला. जपानने पुढे, कुमामोतोचा अनुभव घेतल्यावर, 2018 मध्ये साधारण तशीच व्यवस्था नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांसाठी बसवली: अमुक प्रांताने तमुक बाधित पालिकेकडे माणसं पाठवायची. आपत्तीत जाणारी मानसोपचार पथकंही जपानने 2013 पासून बांधली. असं असलं की स्थानिक कारकुनाला पाचव्या दिवशी घरी पाठवता येतं. मात्र पाठवलेल्यांनाही परतीची तारीख हवी, जोडीला ओळखीचा माणूस हवा आणि मूळ कार्यालयातून आठवड्याला एक फोन हवा. ओत्सुचीसारख्या गावांत एकट्याने राहिलेल्या पाहुण्यांवर काय वेळ आली, हे वर सांगितलंच आहे.

पैशाचा मुद्दा मालक लोक काढतात, आणि लहान मालकाच्या बाबतीत तो योग्यच आहे. त्याचंही दुकान पडलेलं असतं, कर्ज डोक्यावर असतं, पगार कुठून देणार? इथे सरकारने उतरायचं असतं. क्राइस्टचर्चच्या दुसऱ्या भूकंपानंतर न्यूझीलंड सरकारने काही आठवडे पूर्णवेळ कामगारामागे आठवड्याला 500 न्यूझीलंड डॉलर मालकाला दिले, म्हणजे काम बंद असलं तरी पगार चालू राहावा. 6 फेब्रुवारी 2023 च्या भूकंपांनंतर तुर्कस्तानने बाधित प्रांतांत आणीबाणी असेपर्यंत कामावरून काढण्यावर बंदी घातली आणि कमी तास चालणाऱ्या आस्थापनांतल्या कामगारांना भत्ता दिला. दोन्ही योजनांत त्रुटी होत्या. पण झोपेची गोळी आणि पगाराची हमी यांत एकच निवडायची झाली, तर पहिल्या महिन्यात मी हमी निवडीन.

आणि हमी कोणाला मिळते? ज्याचं नाव पगारपत्रकावर आहे त्याला. कंत्राटी सफाई कामगार, रोजंदार, घरकाम करणारी बाई, ढिगारा उपसायला आणलेला परगावचा मजूर यांना ना रजा, ना भत्ता. नेपाळमध्ये पन्नास हजारांवर महिला आरोग्य स्वयंसेविका आहेत. 2015 च्या भूकंपात गावोगाव पहिल्या मदतीला धावलेल्यांत त्या होत्या, आणि त्यांच्या कामाला वेतन नाही. ज्यांना वेतनच नाही त्यांना पगारी रजा कशी द्यायची, हा प्रश्न विनोदी वाटतो, पण तो खरा आहे. त्याच भूकंपानंतर नेपाळच्या तेव्हाच्या कामगारमंत्र्यांनी जाहीर तक्रार केली होती की कतारमध्ये विश्वचषकाच्या बांधकामांवर राबणाऱ्या नेपाळी मजुरांना घरच्या अंत्यविधीसाठी सोडलं जात नाही. कतारच्या बाजूने शेकडो जणांना रजा दिल्याचं सांगण्यात आलं. वाद कसाही असो, हजारो किलोमीटरवर परातीत सिमेंट कालवणाऱ्या त्या मजुराच्या पायाखालची जमीन हललेली नसते, त्याचं गाव मात्र गेलेलं असतं. भूकंपबाधित कामगार मोजताना आपण नकाशावर वर्तुळ काढतो. तो त्या वर्तुळात कधीच येत नाही.

मुदतीचंही तसंच. मदत तीन महिन्यांत आटपते, आणि माणसं त्यानंतर मोडतात. बेईचुआनमधल्या त्या दोघांनी पाच आणि अकरा महिने काढले होते. जपानमधल्या पाहुण्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत वर्ष उलटून गेलं होतं. फुकुशिमात सुमारे दोन लाख दहा हजार स्थलांतरितांची मानसिक आरोग्याची पाहणी वर्षानुवर्षं चालू ठेवली गेली, ते योग्यच झालं. प्रत्येक देशाला तेवढं जमणार नाही. पण ज्या आस्थापनाने आपत्तीत माणसं जुंपली, तिने निदान तीन वर्षं त्यांची नावं जपावीत, दर सहा महिन्यांनी विचारावं, आणि विचारणाऱ्याच्या हाती बढती-बदली नसावी. नाहीतर सगळे ‘ठीक आहे’ असंच लिहितील.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2010 मध्येच व्यवसायजन्य आजारांच्या आपल्या यादीत पीटीएसडीचा समावेश केला आहे. म्हणजे शवागारात बसवलेल्या कारकुनाचा आजार हा पाय मोडल्यासारखाच कामावर झालेला आजार आहे, हे तत्त्वतः मान्य झालेलं आहे. भरपाईच्या कायद्यांत ते कितपत उतरलंय, हे देशोदेशी तपासावं लागेल आणि बऱ्याच ठिकाणी उत्तर निराश करणारं असेल. कामगार संघटनांनी पुढच्या वाटाघाटींत बोनसच्या ओळीखाली ही कलमं घालायला काय हरकत आहे? आपत्तीनंतर किती दिवस पगारी रजा, सलग किती तासांची कमाल पाळी, इमारतीचा तपासणी अहवाल पाहण्याचा हक्क, कंत्राटी कामगारालाही तेच नियम, आणि आपत्ती-कामातून आलेल्या मानसिक आजाराचा खर्च मालकाकडे. भूकंपानंतर यातलं काहीही मागता येत नाही. तेव्हा मागणाऱ्याला लोक स्वार्थी म्हणतात. मागायचं तर ते आधीच, जमीन शांत असताना, सह्या होतात त्या टेबलावर.